सहा मिलिमीटर मोठी पुली

रविवार, संध्याकाळ. धायरी

मी आप्पांवर ओरडले. त्यांच्याच वर्कशॉपमध्ये, गाडीच्या मालकांसमोर.

शनिवार पेठेतल्या एका काकांच्या जुन्या मोटारीला आम्ही सुपरचार्जर बसवतोय. इंजिनात जादा हवा कोंबायची, म्हणजे गाडी घाट चढेल. हिशेब माझा, सुपरचार्जर फिरवणारी पुली आप्पांनी लेथवर केलेली. आज चाचणीत दाबाचा काटा सहा पौंडांवर जायला हवा होता, तो चारवरच थांबला. पुली मोजली तर सहा मिलिमीटर मोठी! मोठी पुली सावकाश फिरते, म्हणून दाब कमी.

"आप्पा, ड्रॉइंग बघितलंच नाही का?"

"बघितलं की. इंजिनबी बघितलं."

दुपारी इंजिनाचं हेड उघडलं. चार पौंडांवरच त्याखालचं जुनं गास्केट एका जागी करपायला लागलं होतं. सहावर फुटलंच असतं. आणि असं इंजिन परत कुठून आणलं असतं मी?

लहानपणी लेथवरून उतरलेला कोमट तुकडा आप्पा माझ्या हातात द्यायचे. "किती असंल?" मी डोळे मिटून माप सांगायचे, मग ते मोजून बघायचे. तेव्हा सहा मिलिमीटर माझ्या हातातून सुटले नसते. ही पुली तर मी हातात घेतलीच नाही. घरातली पहिली इंजिनिअर, म्हणून बापाला नुसता कागद द्यायचा?

अहवालात 'पुली चुकीची' लिहिलं होतं, ते खोडलं. ड्रॉइंगवरचं माप बदललं आणि 'डिझाइन'च्या चौकटीत माझ्या नावाआधी आप्पांचं नाव लिहिलं. माफीचा शब्द तोंडातून निघेना, म्हणून कागदच दाखवला.

"माझं नाव काढ," ते म्हणाले. "काय बिघडलं तर पेठेतले टोमणे मला ऐकाय लागतील."

नाही काढलं.