बॅटच्या मुठीखालची चीर

१४ मार्च

चि. टिल्ल्यास अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे. आईचा गुडघा कधी कुरकुरतो, कधी गप्प असतो, माझ्यासारखाच. माझं सुतारकाम अजून चालतं, डोळे मात्र दगा देतात. आईला तू फोन करतोस, माझी चौकशी करत नाहीस, तेही ठीकच आहे.

तुझी बेसबॉलची बॅट माळ्यावरून काढली. आईच म्हणाली, "पुसून पाठवा त्याला. बॅट बघून तरी तुमच्याशी दोन शब्द बोलेल." मुठीवरची ग्रिप ओढली तर तुकड्यातुकड्यांनी निघाली आणि खाली नुसता चिकटा. बोट लावलं की सोडेना. गोडं तेल चोळून तासभर ठेवलं, बोथट पट्टीने खरवडलं, मग थिनरच्या बोळ्याने पुसत बसलो. तीस वर्षं लाकडात काढलेल्या माणसाला एवढीशी मूठ साफ करायला दोन दिवस लागले. खरं सांगायचं तर मी मुद्दामच रेंगाळत होतो.

आई शेजारी येऊन बसली. "ग्रिपचा गोंद इतका घट्ट कसा हो?"

"जुना झालाय," मी म्हणालो. साठी आली तरी खोटं सुटत नाही.

तो ग्रिपचा गोंद नव्हता, टिल्ल्या. माझ्या डब्यातला लाकूड चिकटवायचा सरस होता.

तुझ्या संघाच्या निवडीच्या आदल्या दिवशी एका कपाटाचा सांधा बसत नव्हता. लाकडी हातोडा सापडेना आणि तुझी बॅट कोपऱ्यात उभी होती. चार ठोके मारले. सांधा बसला, पण मुठीला चीर गेली. मी चिरेत सरस भरला, वर नवी ग्रिप गुंडाळली आणि तुला म्हणालो, "घे, बापाकडून भेट." तू केवढा हरखलास. अख्ख्या गल्लीला दाखवून आलास.

दुसऱ्या दिवशी मैदानावर प्रत्येक फटक्याला तुझ्या हाताला झणका बसत होता. तू म्हणालास, "बाबा, बॅटमध्येच काहीतरी आहे." आणि मी, सगळं ठाऊक असून, कोचसमोर, पोरांसमोर म्हणालो, "नाचता येईना, अंगण वाकडं." सगळे हसले. मीही हसलो. तुझी निवड झाली नाही. त्यानंतर तू बॅटला हात लावला नाहीस आणि वर्षाच्या आत घर सोडलंस.

परवा शेवटचा चिकटा निघाला आणि चीर उघडी पडली. आईने तिच्यावरून बोट फिरवलं. मग मी तिला सगळं सांगितलं.

"तो सांगत होता," एवढंच म्हणाली आणि उठून आत गेली. तेव्हापासून माझं ताट वाढते, पण बोलत नाही.

नवी ग्रिप आणून ठेवली होती, ती गुंडाळली नाही. बॅट तशीच उघडी पाठवतोय. आता ती खेळायच्या कामाची नाही. उत्तर लिही असं म्हणायला मला तोंड नाही, आणि लिहू नकोस असं हातून लिहवत नाही.

तुझं अंगण वाकडं करणारा,
बाबा