एकशे एक्कावन्न किलो हवेची नोंद

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (साहित्य तपासणी),
शिक्षण कार्यालय, दुसरा मजला.

विषय : जडवस्तू नोंदवही, पान ११२, नोंद क्र. ७ ('हवा') यावरील "अशी वस्तू अस्तित्वात नाही" हा शेरा मागे घेण्याबाबत.

संदर्भ : आपले पत्र, जा. क्र. तपा/३१८, दि. ६ जानेवारी.

महोदय,

संदर्भीय पत्रान्वये मागवलेला खुलासा अर्जदार सविनय सादर करीत आहे. खुलासा लांबला आहे, त्याबद्दल क्षमा असावी. थोडक्यात लिहिल्यास अर्जदाराला वेड लागले असा समज होण्याचा संभव आहे, आणि शिक्षकांच्या खोलीत तो अगोदरच पसरलेला आहे.

१. अर्जदार या शाळेत एकोणतीस वर्षे भांडारपाल असून या काळात एक डस्टर वगळता शाळेची एकही वस्तू गहाळ झालेली नाही. कमरेला किल्ल्यांचा जुडगा असल्याने विद्यार्थी त्यास 'कुलूपकाका' म्हणतात. या नावास अर्जदाराची हरकत नाही.

२. चालू सत्रात सातवीला विज्ञान शिकवण्यास नवीन बाई रुजू झाल्या. 'मूलद्रव्ये व पदार्थ' हा धडा पाठ करून घेण्याऐवजी त्यांनी कोडी घालण्यास सुरुवात केली. कोडे सुटल्याशिवाय पुस्तकाचे पुढचे पान उघडायचे नाही, असा त्यांचा नियम. साहजिकच मधल्या सुटीत सगळा वर्ग उत्तरे शोधत भांडारखोलीच्या खिडकीशी जमू लागला. लोखंड गंजले की त्याचे वजन वाढते की घटते, हे पहिले कोडे. कुलपांचा एवढा अनुभव गाठीशी असल्याने अर्जदाराने "घटते, यात विचारायचं काय?" असे छातीठोकपणे सांगितले. बाईंनी लोखंडाचा कीस तोलून आठ दिवस ओला ठेवला, वाळवला आणि चौतीस मुलांसमक्ष पुन्हा तोलला. वजन वाढले होते.

"काका, लोखंडानं हवेतला ऑक्सिजन खाल्ला," मुलांनी समजूत घातली. "खाल्ल्यावर वजन वाढणारच की!" अठ्ठावन्न किलोच्या अर्जदाराला हे स्वानुभवाने पटले नाही, तरी काट्याने पटले.

३. पुढे बाईंनी प्रत्येकाला स्वतःचे कोडे रचायला सांगितले. अट एवढीच, की उत्तर असलेली वस्तू जागा व्यापणारी आणि वजन असणारी हवी. वर्गात वजनकाटे दुरुस्त करणाऱ्याची मुलगी आहे. ती हजेरीलासुद्धा नुसता हात वर करी. सत्र अर्धे सरले तरी तिचा आवाज कसा आहे हे बाईंना ठाऊक नव्हते. तिने खिडकीतून एक चिठ्ठी आत सरकवली आणि ती पळून गेली. चिठ्ठीतील मजकूर जसाच्या तसा :

"बाकाहून भारी, पण हमाल लागत नाही,
कुलूप लावलं दाराला तरी आत-बाहेर राही,
घंटा झाली, पोरं गेली, वर्ग तरी भरला,
सांगा काका, नोंदवहीत कोण लिहायचा उरला?"

नोंदवहीत काही लिहायचे उरले आहे, हा आरोप अर्जदाराच्या जिव्हारी लागला. त्याने सगळी नोंदवही पालथी घातली. दुसऱ्या दिवशी खिडकीतून विचारले, "कंटाळा का गं?" मुलीने मान हलवली आणि इतक्या हळू बोलली की अर्जदाराला खिडकीबाहेर डोके काढावे लागले. "कंटाळ्याला वजन नसतं, काका." तिसऱ्या दिवशी अर्जदाराने 'शिस्त' सुचवली. "तीसुद्धा जागा व्यापत नाही," असे उत्तर आले. आमच्या शाळेपुरते ते खरेच आहे.

चौथ्या दिवशी अर्जदार ताटावर बसून उसासे टाकत होता. त्याची पत्नी म्हणाली, "अहो, एवढे उसासे टाकताय, ते जातात तरी कुठे? घर भरलं माझं!" घास अर्जदाराच्या हातातच राहिला. उत्तर सापडले होते.

४. तथापि हवेला वजन आहे, तेही बाकाहून भारी, हे मान्य करण्यास अर्जदार तयार नव्हता. "सिद्ध करून दाखव, नोंदवहीत चढवतो," असे तो भर वर्गात बोलून गेला. ही अर्जदाराची पहिली चूक. दुसऱ्या दिवशी मुलीचे वडील सर्वांत नाजूक काटा कापडात गुंडाळून घेऊन आले आणि "दारं-खिडक्या लावा, वाऱ्यानं काटा हलतो," म्हणून मागच्या बाकावर बसले. मुलीने खेळाचा चेंडू आधी कमी हवेचा तोलला, मग पंपाने कडक भरून तोलला. साडेतीन ग्रॅम वाढले. मग तिने वर्ग मोजला : सात मीटर लांब, सहा मीटर रुंद, तीन मीटर उंच. बाईंनी घनमीटरला एक किलो दोनशे ग्रॅमचा हिशेब दिला. मुलीने फळ्यावर गुणाकार केला, वर्गाकडे वळली आणि मोठ्याने, खणखणीत आवाजात म्हणाली, "एकशे एक्कावन्न किलो!"

म्हणजे अर्जदाराच्या अडीचपटीहून अधिक. बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. वडिलांनी काटा पुसायला घेतला आणि बराच वेळ पुसत राहिले. दिलेल्या शब्दाप्रमाणे अर्जदाराने त्याच दिवशी नोंद केली : "हवा (मिश्रण, मुख्यतः नायट्रोजन व ऑक्सिजन), सातवीचा वर्ग, १५१ किलो अंदाजे, स्थिती : वापरात."

५. आपल्या कार्यालयाचे तपासनीस साहेब तीन जिने चढून सातवीच्या वर्गात आले आणि दम खात विचारू लागले, "कुठाय ती वस्तू?" पहिल्या बाकावरून तीच मुलगी उभी राहिली. "साहेब, आत्ता घेतलीत ना तुम्ही." वर्ग हसला. हसणे अयोग्य होते आणि त्यात अर्जदाराचाही थोडा आवाज मिसळला होता, हे तो नाकारत नाही. साहेबांनी तिथल्या तिथे लाल शाईने शेरा मारला, नोंद खोडून 'वस्तू नाही' असे लिहून द्यावे असा आदेश दिला आणि ते निघून गेले.

मुलगी खिडकीशी आली. "काका, मग माझं चुकलं का?" अर्जदार म्हणाला, "थांब, वर विचारतो." त्या दिवसापासून ती पुन्हा नुसता हात वर करते. सदर अर्जाचे खरे कारण हे आहे.

६. नोंदीतील खालील दोष अर्जदारास मान्य आहेत. खरेदीची पावती नाही. पुरवठादाराच्या रकान्यात 'झाडे व इतर' असे लिहिणे नियमात बसत नाही. दोन खिडक्यांच्या कड्या तुटल्याने साठा सतत बदलतो (कड्यांसाठी यापूर्वी तीन अर्ज केलेले आहेत). नोंदीची पद्धत चुकली, असे लिहून देण्यास आणि त्याबद्दल जी समज मिळेल ती घेण्यास अर्जदार तयार आहे. सेवानिवृत्तीस चौदा महिने उरले असताना कोरी सेवापुस्तिका डागाळेल, याची त्याला पूर्ण कल्पना आहे. परंतु 'वस्तू नाही' असे तो लिहून देऊ शकत नाही, कारण वस्तू आहे. अर्जदाराने ती तोललेली पाहिली आहे.

सबब विनंती की शेरा बदलून "वस्तू आहे, नोंद नको" एवढे शब्द आपल्या हस्ताक्षरात लिहून मिळावेत. त्याखाली सही स्पष्ट असावी. ते पान अर्जदार प्रथम सातवीच्या वर्गात नेऊन दाखवणार आहे.

आपला नम्र आणि तूर्त श्वास रोखून बसलेला,
(सही)
भांडारपाल
दि. १७ जानेवारी

सोबत :
१) पान ११२ ची साक्षांकित प्रत.
२) काट्याच्या अचूकतेबद्दल वजनकाटे दुरुस्त करणाऱ्याचे सहीनिशी पत्र.
३) वादग्रस्त वस्तूचा नमुना, काचेच्या सीलबंद बरणीत. बरणी रिकामी समजून आपल्या शिपायाने त्यात चहापूड भरू नये, ही विनंती.