आडवा हात

दारव्हा,
रविवार, २३ जानेवारी १९६६

ती. सौ. तानाबाईस,
धाकट्या बबनचा नमस्कार.

आज कापसाच्या जिनाला सुट्टी. सकाळी अंगण झाडलं, विहिरीचं पाणी भरलं, भात टाकला, जेवलो. मग बाजारात तुरीची डाळ बघायला गेलो आणि न घेताच परत आलो. तेव्हापासून लिहायला बसतो आहे नि उठतो आहे. भाऊजींचा खोकला थांबला का? कापूस वेचून झाला का?

तुमच्या गावचे सदाशिवराव भेटले. तुझा निरोप त्यांनी तुझ्याच शब्दांत सांगितला. "आईच्या वर्षश्राद्धाले लोकायले पोटभर घालशीन तं येईन, नाहीतं मले बलावू नको." माघ वद्य आता जवळ आलं, म्हणून लिहितो.

या हंगामात मालकांनी हजेरीच्या कामासोबत मजुरांची खानावळही माझ्याकडे दिली. ज्वारी मिळत नाही अशा या वर्षात खानावळीमागच्या खड्ड्यात भाकरी-वरण पडायचं. इतकं की कुत्रीही तोंड लावत नसत. मजूर उधळे नव्हते. पण नको म्हटलं तरी वाढणारा वाढायचाच, हात आडवा केला तर हातावरून ओतायचा. आपल्याकडे तोच मान. मी सांगितलं, हात आडवा आला की थांबायचं.

पहिल्याच दिवशी वणीकडचा डोमाजी भर पंगतीत म्हणाला, "काहून बाबू, मायच्या तेरवीवानी आमालेही उपाशी उठवता का?"

म्हणजे ती गोष्ट जिनापर्यंत आली होती. तांड्यावरून भाकरी थापायला येणारी लालीबाई चुलीपासूनच ओरडली, "भूक हाय तं माग ना! तोंडाले कुलूप लावलं का?"

"मागून खायले मी का भिकारी हाओ?"

सगळे हसले. मला हसू आलं नाही. तेरवीला नेमकं हेच झालं होतं. माझ्या सांगण्यावरून वाढपी हात आडवा येताच थांबले, आणि मागायची लाज म्हणून माणसं अर्धपोटी उठली. अन्न पातेल्यात राहिलं. तू न बोलता गाडी पकडलीस. बाई, तुझं चिडणं बरोबर होतं.

आता खानावळीत थोडं वाढतो, पण फेऱ्या जास्त घालतो. मागायची पाळीच कुणावर येत नाही. लालीबाई टोपली घेऊन फिरते, म्हणते, "अर्धी खाय, अर्धी तुह्यासाठी धरून ठेवते." खड्डा बुजवून टाकला. डोमाजी आता मलाच म्हणतो, "घ्या ना बाबू, सासऱ्याच्या घरी बसल्यावानी कायले लाजून राह्यले?" आमच्या गल्लीतल्या पुंडलिकरावांच्या मुलीच्या लग्नातही मार्गशीर्षात असंच वाढलं. उरलं ते पातेल्यात होतं, पानावर नव्हतं, म्हणून पलीकडच्या वस्तीत देता आलं.

सगळ्यांना सांगतो की टंचाई आहे म्हणून हे करतो. तेरवीच्या वेळी तुलाही तेच सांगितलं. खोटं नाही ते.

इथे उठून दारापर्यंत जाऊन आलो.

आईच्या आजारपणात तू शेवटची आलीस तेव्हा पुरणाच्या पोळ्या आणल्या होत्यास. आईला टेकवून बसवलंस आणि भरवलंस. "हा घास माह्या नावाचा, हा जावयाच्या नावाचा." तिनं हात आडवा केला. तू हसून तो बाजूला केलास नि तिनं खाल्लं. तुझी गाडी सुटली, आणि खाल्लेलं सगळं उलटून पडलं. पोटात कळा येत होत्या. तशातही म्हणाली, "तानीले सांगू नको. तिचं मन राह्यलं ना, बस." मग बऱ्याच वेळानं मला म्हणाली, "तू मात्र बापा, मी हात आडवा केला का थांबत जाय."

मी थांबत गेलो. तेरवीलाही थांबलो. एवढंच झालं होतं.

तू काही चुकलीस असं मनात आणू नकोस. त्या महिन्यात दुसऱ्या कुणाच्या हातचं तिनं इतकंही खाल्लं नव्हतं. माझ्या हातून तर पेजेचे दोन घोट जायचे. तिचा शब्द मोडून हे लिहिलं, कारण नुसतं ये म्हटलं असतं तर तू आली नसतीस, आणि तिच्या नावाचं पान मला एकट्याला वाढावं लागलं असतं.

तू ये. पंगत तूच वाढ. हव्या तितक्या फेऱ्या घाल, मी मागून पातेलं धरतो. कुणी उपाशी उठणार नाही. फक्त हात आडवा आला, तर थांब.

भाऊजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

आईची आठवण काढायला आता तुझ्याखेरीज कुणी नसलेला,
बबन

ता. क. पाकिटाचा डिंक सुकून गेला आहे. सकाळच्या भाताची शितं बोटानं चुरून लावतो आहे.