थ्री फेजचा दुसरा अल्बम

५ जानेवारी
आजपासून रोज लिहायचं. मोठे कलाकार लिहितात.
आमच्या 'थ्री फेज' बँडचा पहिला अल्बम एकशे बारा वेळा ऐकला गेला. त्यातल्या नव्वद वेळा मी, क्वालिटी चेकसाठी. या वेळी कॉम्प्युटरच्या बीटवर अस्सल लोकगीतं. स्वप्निल हलगी वाजवणार, बाकी सगळं मी.
अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, मुदत दिली. एकतीस तारखेपर्यंत अल्बम, नाहीतर सेनगावजवळच्या गोरेगावातल्या आमच्या बियाण्याच्या दुकानात बसायचं. मी लगेच हो म्हणालो. ती वेळ येतच न्हाई.

८ जानेवारी
चतुराकाकूला माईकसमोर उभं केलं. आमच्या शेतात कामाला असते, तिथं दिवसभर गाते, इथं गप्प. म्हणाली, हाताला काम असल्याबिगर गाणं तोंडात येत न्हाई. प्रोफेशनल अ‍ॅटिट्यूड शून्य.

९ जानेवारी, दुपार
आयडिया माझीच. अण्णांना बियाण्यासाठी भुईमुगाच्या शेंगा फोडून पाहिजेतच. पोती स्टुडिओत (माझ्या खोलीत) ओतली. काकू आणि चार बाया फोडायला बसल्या आणि गाणं सुरू झालं. शेंगांचा कडकड आवाज येतो. त्याला टेक्स्चर म्हणतात.
मी पाटावर, हेडफोन लावून. शब्दांकडं लक्ष दिलं की लेव्हल चुकते. दाणे खाल्ले थोडे. प्रोड्युसरला एनर्जी लागते.

१६ जानेवारी
बाया माझ्याकडं बघून गातात आणि हसतात. आर्टिस्ट आणि प्रोड्युसरचं असं जमलं पाहिजे. हसणं कोरसमध्ये ठेवलं.
उद्यापासून दाणे बंद.

२१ जानेवारी
शेंगा सरल्या. अण्णा खूश. अल्बमवर न्हाई, शेंगांवर. दाणे कमी भरले म्हणत होते.

३० जानेवारी
अपलोड केला. मुदतीच्या एक दिवस आधी.
स्वप्निलनं विचारलं, शब्द ऐकले का? म्हणालो, शब्द जुन्या लोकांसाठी, आपण साऊंडवाले. तो बराच वेळ हलगी पुसत बसला. जळून राहिला असावा.

३ फेब्रुवारी
चौदा हजार! दुकान टळलं. अण्णा परत परत ऐकून राहिले. वसमतहून मामाचा फोन, हळदीच्या बाजारात, मोंढ्यात, हमालसुद्धा तेच गाणं म्हणून राहिले. तिसरा अल्बम पुण्यात करू.

५ फेब्रुवारी
सेनगावहून येताना जीपमध्ये आपलंच गाणं. हेडफोन घरी राहिले होते, म्हणून पहिल्यांदा नुसत्या कानानं ऐकलं.

'कानावर दोन वाट्या, बसला पाटावरी,
शेंग एक फोडीना, दाणे खातो पसाभरी.'

सहा कडवी आहेत. पाचव्यात माझं नाव आहे, रुद्र, पूर्ण आडनावासकट. जीपमधले सगळे सोबत म्हणत होते. ड्रायव्हरनं आरसा माझ्याकडं वळवला. गाव यायच्या आधीच उतरलो आणि चालत आलो. लई लाज वाटली.
काकूला विचारलं, काहून सांगितलं न्हाई? ती म्हणाली, आमी तर बारा दिवस तुज्याच कानात म्हणून राहिलो व्हतो.

७ फेब्रुवारी
जीपमध्ये बसायची सोय राहिली न्हाई, पुढचा अल्बम तर दूरच. दुकानात बसतो, असं स्वतःच अण्णांना सांगितलं. मागच्या बाजूला बसणार होतो. अण्णांनी पाट पुढं टाकला.
गिऱ्हाईक येतं, माझ्याकडं बघतं, बियाणं घेऊन जातं. मधल्या वेळेत अण्णांनी फोडायला शेंगा दिल्या. एक दाणा खाल्ला न्हाई.
तासाभरानं आपोआप गाणं तोंडात आलं. काकू खरं बोलत होती.
तेच गाणं. दुसरं कोणतं येईना.