थेट विमानाविरुद्ध माशाची सही

ओतिलियाताईस,

मिलवॉकीहून धाकट्या हसिंताचा वाकून नमस्कार. फेब्रुवारीत मेणबत्त्यांचा सण झाला की पत्र धाडते म्हणाली होतीस. ऑक्टोबर लागला, त्या मेणबत्त्यांचं मेणसुद्धा उंदरांनी खाल्लं असेल. विसरली असशील म्हणून आपली ओळख करून देते: मी तुझी बहीण, दोघींतली देखणी. (डॉन एव्हारिस्तो, तुमच्या औषधांच्या दुकानात बसून हे तुम्हीच तिला वाचून दाखवणार, तेव्हा ‘देखणी’ जरा मोठ्याने वाचा.) देवाच्या दयेने मी बरी आहे. गुडघे बरे नाहीत, पण त्यांना मी आता आपलं मानतच नाही. लिहून घेतेय माझी नात इत्सेल. सांगते तेवढंच लिही म्हटलंय, तरी मधेच हसते.

तुझ्या डोळ्यांचं गावाहून इकडे येणाऱ्यांकडून कळलं. दुसऱ्यावरही मोतीबिंदूचा पडदा आला, सात नोव्हेंबरला कापायचंय, त्यापुढे ढकललं तर डॉक्टर काही सांगू शकत नाही, हेही कळलं. आणि तू त्या डॉक्टरला काय सांगितलंस तेही कळलं! म्हणे, हसिंता हात धरायला आल्याशिवाय मी टेबलावर चढणार नाही. ताई, अशी अट घालतात का गं? मी अठरा वर्षं तुला सांगत आले की यायचं फार मनात आहे, पण थेट विमान नाही, मधे उतरून दुसऱ्यात चढायचं, भलामोठा विमानतळ, माझे हे गुडघे. थेट विमान सुरू होऊ दे, पहिल्याच दिवशी येते, अशी संत अंतोनियोची शपथही घेतली. शपथ घ्यायला काय जात होतं? आपल्या गावी थेट विमान सोडणार कोण!

तर एक कंपनी निघाली, ताई. पिवळ्या शेपटाच्या विमानांची. इथली माणसं हिवाळ्यात गारठतात, त्यांना सुट्टीला नेऊन आपल्या सिवातानेहोच्या वाळूवर पसरायचं, म्हणून तिने वॉशिंग्टनच्या सरकारी कचेरीकडे परवानगी मागितली. पहिलं विमान तीन नोव्हेंबरला. लोकांनीही कचेरीला लिहावं म्हणून कंपनीची एक पोरगी रविवारची मिस्सा-प्रार्थना संपल्यावर चर्चच्या हॉलात कागद घेऊन आली. आमच्या मक्याचे तामाले वाफवून विकणाऱ्या बायकांची म्होरकी पेत्रोनिला. ती ओरडली, “हसिंतामावशी, पहिली सही तुमची! अठरा वर्षं तुम्हीच रडताय ना?” आता चारशे माणसांत काय करणार? काढला मासा. (मला अक्षर येत नाही, पण तीस वर्षं माझ्या तामालेच्या पातेल्यांच्या झाकणांवर जो हसरा मासा आहे तीच माझी सही. मांजर चाटेल असा काढते.)

घरी आले आणि हिशेब केला: हे विमान सुटलं तर आता मला खरंच चढावं लागणार. या देशात मी बसने आले, चार दिवस, आणि एकदाही पाय जमिनीपासून सुटला नाही. सोमवारी इत्सेलकडून कचेरीला दुसरं पत्र लिहवून घेतलं: हे विमान नको, सुट्टीवाले सुकत घातलेल्या मासळीसारखे किनाराभर पडतील, आवाजाने पाणकोळी उडून जातील, माझ्या बहिणीला दुपारी झोप लागणार नाही. आणि बिनसहीचं पत्र पाठवणं लबाडीचं, म्हणून खाली मासा. इत्सेल म्हणाली, “आजी, दोन्ही बाजूंनी सही करतात का?” म्हटलं, “मासा दोन्ही बाजूंनीच भाजायचा असतो.”

मला वाटलं, सरकार पत्र वाचतं आणि खणात टाकतं. तसं नसतं. आलेला प्रत्येक कागद ते कॉम्प्युटरवर सगळ्या जगाला दिसेल असा टांगून ठेवतात. पुढच्या रविवारी मी हॉलात शिरले तर कुणी जागा करून देईना. पेत्रोनिलाने टेबलावर एक छापलेला कागद ठेवला आणि शेजारी माझ्याच पातेल्याचं झाकण.

“चारशे बारा पत्रं बाजूने, एक विरुद्ध. मावशी, हा मासा कुणाचा?”

“मिशिगनच्या तळ्यात मासे काय कमी आहेत?”

“हसरे?”

कुणी हसलं नाही, ताई. पेत्रोनिला हळूच म्हणाली, “माझी आई तुमच्याच वयाची आहे, तिकडेच. तिलाही दोन विमानं बदलणं जमत नाही, म्हणून तिने माझी पोरं पाहिलेली नाहीत. भीती वाटते एवढंच म्हणायचं होतंत.” मी म्हटलं, भीती? मला? आणि झाकण उचलून घरी आले. नाचता येईना म्हणून अंगण वाकडं म्हणणाऱ्या पुष्कळ पाहिल्या, पण अंगणच खणून टाकायला निघालेली मीच पहिली.

काल कंपनीची पोरगी दारात. एक जरी विरोध असला तरी त्याची सुनावणी होते, सहा आठवडे जातात. म्हणजे तीन नोव्हेंबर गेलं, सातही गेलं. विरोध मागे घ्यायचा तर उद्या, शुक्रवारी, पाचच्या आत, त्याच सहीने. बिचारीने कॉफीलाही हात लावला नाही.

म्हणून ताई, हात जोडते, अट सोड. डॉन एव्हारिस्तोंचा हात धर. (डॉन एव्हारिस्तो, फक्त हात.) मी इथून मोठी मेणबत्ती लावते. तू टेबलावर चढ, माझ्याशिवाय.

तुझी,
हसिंता

ता. क. – शुक्रवार. पाकीट बंद करताना इत्सेलने विचारलं, “आजी, मोठी आजी कधीच घाबरत नाही का?” मला आपली खाडी आठवली. होडी हलली की मी किंचाळायचे आणि तू माझ्या तोंडात चिंचेची गोळी कोंबून वेणी धरून बसायचीस. तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. तुला पोहता येत नव्हतं, हे मला आज उमगलं. साडेचारला विरोध मागे घ्यायच्या कागदावर मासा काढला. इत्सेल म्हणते, हा हसत नाहीये. म्हटलं, सही सही असते, जाऊ दे.

आणखी ता. क. – परवानगी आली. पेत्रोनिलाने तिकीटही काढून आणलं, पहिलं विमान, खिडकीपासून लांब. वरचं सगळं पत्र रद्द समज. (डॉन एव्हारिस्तो, तुम्ही तो हात सोडा.) तीन तारखेच्या आधी इकडे येणाऱ्या कुणाच्याही हाती चिंचेच्या गोळ्या पाठव, तिखटमीठ लावलेल्या, बिया न काढता, चघळायला वेळ लागला पाहिजे. वर चढताना दोन आणि उतरताना दोन अशा हिशेबाने मूठभर. आणखी एक पुडी तुझ्या उशाशी ठेव. त्यातली एक सात तारखेला, तू टेबलावरून उतरलीस की मी तुझ्या तोंडात कोंबणार आहे.