नऊ नंबरची लाइन

५ नोव्हेंबर, सोमवार

आलो एकदाचे! शिंप्याच्या दुकानावर दोन खोल्या मिळाल्यात. जिना इतका अरुंद की कपाट दोरीने बांधून खिडकीतून आत घ्यावं लागलं. खाली शिंपी आणि त्याची बायको माना वर करून बघत होते, आणि आई वरून हुकूम सोडत होती, जणू कपाट नाही, नवरी घरात येतेय. खोल्या आईला पसंत पडल्या. म्हणजे फक्त सहा चुका काढल्या. ऑफिसने फोनही दिलाय. तो तिने दाराजवळच्या स्टुलावर ठेवून घेतला, म्हणजे फोन आणि दार दोन्ही एका जागेवरून सांभाळता येतील म्हणे.

पाणीपुरवठ्याचं ऑफिस पंधरा मिनिटांच्या चालीवर आहे. माझं टेबल नियंत्रण खोलीत, खिडकीशी. साहेबांनी स्वतः उठून खुर्ची दिली. आधीचा ऑपरेटर सप्टेंबरात नोकरी सोडून गेला, तेव्हापासून जागा रिकामी होती. अडीच वर्षं अर्ज खरडल्यावर अशी नोकरी! आईला सांगितलं, आता तू फक्त आराम कर. ती म्हणाली, आराम मेल्यावर.

६ नोव्हेंबर, मंगळवार

काम समजलं. डोंगरातल्या बोगद्यातून शहराला पाणी येतं. त्या वाटेवर अकरा केंद्रं आहेत. प्रत्येक ठिकाणी एक मॉडेम, आणि साध्या टेलिफोनच्या तारेवरून ती आमच्या राउटरला जोडलेली. सकाळी नऊ आणि दुपारी तीन वाजता एकेका केंद्राला डायल करायचं, पाण्याची पातळी घ्यायची, वहीत लिहायची. लाइन लागली की नाही हे बघायला ‘शो लाइन’ असं टाइप करायचं. अकरा ओळी येतात. जी लाइन चालू असेल तिच्या आधी चांदणीसारखा एक छोटा तारा उमटतो. दोन मिनिटं कोणी काही पाठवलं नाही तर लाइन आपोआप पडते. अडकून बसली तर ‘क्लिअर लाइन’ आणि तिचा नंबर. की तुटली.

तारांची जबाबदारी लाइनमनची. त्यांना सगळे तारमामा म्हणतात. पुढच्या वर्षी निवृत्त होतील. मला पहिल्या दिवसापासून ‘पोरी’ म्हणतात. सांगत होते, बत्तीस वर्षं खांबांवर काढली, घरात कमी राहिलो म्हणूनच संसार टिकला.

नऊ नंबर मोजायचं नाही, असं साहेब म्हणाले. ते केंद्र ऑगस्टपासून बंद आहे. तिथे अपघात झाला होता. रोज तीनच्या नोंदीनंतर साहेब गेट उघडून बोगद्यात पाणी सोडतात.

८ नोव्हेंबर, गुरुवार

आज सकाळी कोणालाही डायल करण्याआधी सहज ‘शो लाइन’ केलं. नऊच्या आधी तारा होता.

वाटलं, जुनी नोंद चिकटून राहिली असेल. क्लिअर केली. तारा गेला. चहा घेऊन परत आले तर पुन्हा तारा. पाच वेळा तोडली, पाच वेळा लागली. आपण डायल केलेलं नाही. तिकडूनच फोन येतोय.

साहेबांना सांगितलं. फाइलमधून मान वर न करता म्हणाले, जुनी तार आहे, ओल धरते, लक्ष देऊ नका.

पण दोन मिनिटं शांत राहिली तर लाइन पडायला हवी. तासभर बघत बसले. लाइन पडायला उरलेला वेळ दाखवणारं घड्याळ दहा सेकंदांवर येतं आणि पुन्हा दोन मिनिटांवर जातं. प्रत्येक वेळी. ओल काय घड्याळ बघून येते?

१२ नोव्हेंबर, सोमवार

एक बाई आली होती. माझ्याच वयाची, चपला बाहेर काढून दारातच उभी. नऊ नंबरच्या ऑपरेटरची बायको. दर सोमवारी येते म्हणे. मी आत बोलावलं, बसवलं. तिने इतकंच विचारलं, “ताई, त्यांची लाइन लागली होती का हो शेवटी?”

मग तिनेच सगळं सांगितलं. बोगद्यातली झडप फुटली तेव्हा तिचा नवरा खालच्या खोलीत होता. वर यायची वाट पाण्याने बंद झाली. साहेबांनी कागदावर लिहिलंय की पहिल्याच मिनिटाला लाइन तुटली, माणूस तेव्हाच गेला, म्हणून पाणी थांबवून उपयोग नव्हता. बोगदा रिकामा करायचा तर शहराचं पाणी दीड दिवस बंद ठेवावं लागलं असतं. नंतर खाली माणसं उतरली, पण देहसुद्धा सापडला नाही.

मी म्हटलं, वहिनी, मी नवीन आहे, मला काही माहीत नाही. खरंच होतं ते. तरी मान वर करवेना.

ती बोलत होती तेव्हा पडद्यावर नऊच्या आधी तारा होता. मी पडदा वळवून ठेवला.

१३ नोव्हेंबर, मंगळवार

तारमामांना गळ घातली. ते दुपारी गेले आणि नऊकडे जाणारी तार शेवटच्या खांबावरच कापून आले. वीतभर तुकडा माझ्या टेबलावर टाकला. म्हणाले, घे पोरी, रोगच कापून आणला.

मी ‘शो लाइन’ केलं. आम्ही दोघांनी बघितलं.

तारा आहे.

मामांनी तुकडा उचलला, दोन्ही टोकं डोळ्यांजवळ नेऊन बघितली आणि खिशात घातला.  

१४ नोव्हेंबर, बुधवार

तिकडून येतंय ते बघायचं ठरवलं. आधी राउटरवरून ‘पिंग’ची हाक मारून पाहिली. पलीकडे कोणी नसेल तर पाच टिंबं येतात, असेल तर पाच उद्गारचिन्हं. टिंब. टिंब. टिंब. मग सलग दोन उद्गारचिन्हं.

मग त्या लाइनचं पान उघडलं. इंग्रजी अक्षरांत मराठी शब्द. एकच.

आहे.

एक मिनिट पन्नास सेकंद काही नाही. मग पुन्हा, आहे.

लाइन पडू नये म्हणून. दर दोन मिनिटांच्या आत कोणीतरी एक शब्द टाइप करतंय, लाइन पडू नये म्हणून.

मामांना दाखवलं. त्यांनी टोपी काढली. उद्या खाली उतरतो म्हणाले, मॉडेमच उपटून आणतो. मी नको म्हटलं. ते म्हणाले, माणूस असेल तर आणला पाहिजे आणि नसेल तर कळलं पाहिजे.

घरी आईने विचारलं, चेहरा का उतरलाय? कामाचा ताण, म्हटलं.

१५ नोव्हेंबर, गुरुवार

मामा सकाळी दहाला डोंगराकडच्या बसने गेले. बाराला नऊच्या पानावर शब्द बदलला.

पोरी

मग, पोरी गेट बंद ठेव

मग, दोघं आहोत

मी धावत साहेबांकडे गेले. ते आले, उभ्यानेच वाचलं. त्यांचा रंग उडाला, पण फक्त क्षणभर. मग माझ्या खांद्यावरून हात पुढे करून त्यांनी स्वतः टाइप केलं, क्लिअर लाइन नऊ. तारा उमटला. पुन्हा तेच. चौदा वेळा. मी मोजत होते. पंधराव्या वेळी तारा आला नाही.

म्हणाले, कोणीतरी चेष्टा करतंय. मामा रजेवर आहेत.

मामांची सायकल खाली उभी आहे. कुलूप न लावता.

पोलीस चौकीत गेले. साहेबांना फोन करून विचारतो म्हणाले. विचारलं. मग मला घरी जायला सांगितलं.

१६ नोव्हेंबर, शुक्रवार, सकाळ

साहेब यायच्या आधी राउटरची जुनी नोंद काढली, ऑगस्टची. कोणी पुसलीच नव्हती. कोणाला बघता येत नसेल.

अपघाताच्या दिवशी नऊची लाइन पहिल्या मिनिटाला तुटली नव्हती. एकोणीस तास चालू होती. एकोणीस तास तो दर दोन मिनिटांनी ‘आहे’ लिहीत होता. शेवटची ओळ, याच टेबलावरून, क्लिअर लाइन नऊ.

आधीचा ऑपरेटर का गेला ते कळलं. या खुर्चीत बसून त्याने ते टाइप केलं असणार. साहेब मागे उभे असणार.

कागद छापला. वहिनींच्या घरी जाऊन त्यांच्या हातात दिला. त्यांनी उभ्यानेच वाचला. रडल्या नाहीत. ‘एकोणीस तास’ एवढंच दोनदा म्हणाल्या. मोठ्या साहेबांकडे, कोर्टात, जिथे जमेल तिथे घेऊन जा म्हटलं. त्या तशाच चपला घालून निघाल्या.

मी नऊला जातेय. मामांना यात मीच ओढलं होतं. दिवसाढवळ्या जातेय, तीनच्या आत परत येईन. तीनला साहेब गेट उघडतात, मग नऊची खालची खोली बुडते.

शुक्रवार, दुपारी एक वाजून वीस

खाली आहे. बासष्ट पायऱ्या. उजेड पुरेसा आहे, वरच्या जाळीतून येतो. पाणी घोट्याइतकं.

मामांचा चष्मा टेबलावर आहे. घडी घालून ठेवलेला. मामा नाहीत. हाका मारल्या. बोगद्यातून माझीच हाक परत येते, पण उशिरा. फार उशिरा.

मॉडेमची वायर भिंतीतून बाहेर लोंबतेय. कुठेच जोडलेली नाही. तरी त्याचे दिवे चालू आहेत.

एक पस्तीस

वरचं लोखंडी दार लागलं. आवाज ऐकला. पायऱ्या चढून गेले. बाहेरून कडी आहे. कडी वाऱ्याने लागत नाही. मग गाडी सुरू झाल्याचा आवाज.

ठोठावून हात सोलले. लिहीत राहिले की हात थांबतात, म्हणून लिहितेय.

एक बावन्न

टेबलावरच्या कीबोर्डची बटणं ओली आहेत. कोणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखी खुर्ची गरम आहे. इथल्या मॉडेमवरून ऑफिसला डायल केलं. लागली! टाइप केलं, मी नऊवर आहे. दार बाहेरून बंद आहे. गेट उघडू नका.

उत्तर नाही. पण पलीकडे कोणीतरी आहे, नाव दिसतंय. माझंच नाव. माझ्या खुर्चीत बसून कोणीतरी वाचतंय.

साहेब, आई एकटी आहे, असं लिहिलं.

लाइन तुटली.

दोन सात

पुन्हा लावली. तुटली. पुन्हा. सहा वेळा.

पाणी गुडघ्यापर्यंत. अजून तीन वाजले नाहीत. त्यांनी आधीच—

वही डोक्याजवळ धरून लिहितेय. पाण्यात माझ्या शेजारी कोणीतरी उभं आहे. बघायचं नाही. दोघं आहेत. काही करत नाहीत. नुसते उभे. वाट बघतात तसे—

दोन वीस

ऑफिस घेत नाही. घरचा नंबर लावला. मॉडेमचा स्पीकर चालू केला.

लागला. आईचा आवाज! हॅलो, कोण, म्हणाली. मी ओरडले. मॉडेमला ऐकू येत नाही, तो फक्त शिट्टी वाजवतो. आई म्हणतेय, अहो नुसती शिट्टी येतेय, बोला ना कोण ते.

आई, ठेवू नकोस. आई—

ठेवला नाही. म्हणाली, थांबा हं जरा, दार वाजतंय, मुलगी आली वाटतं.

पाणी छातीला. मी इथे आहे. मी इथे—

लांबून आवाज. कडी काढली. आई म्हणतेय, अगं, केवढी भिजलीस! बाहेर तर ऊन आहे. आणि हे दोघं कोण तुझ्याबरोबर—

आई ती मी ना—