चपलांच्या दुकानावरच्या डॉक्टर

प्रिय सोन्या,

फोनवर ‘सगळं ठीक’ म्हणून म्हणून माझी जीभ झिजली, म्हणून आज लिहायलाच बसले. ठीक काही नाहीये. बाबांना कंपनीनं घरी बसवलंय. आयुष्यभर लिफ्टची कामं केलेला माणूस, पण हल्ली घरी आला की हातातला चहा तसाच ठेवून परत निघायचा. का, तर ब्रेक नीट बसला की नाही बघायला! बघून यायचा, बसायचा, पुन्हा चपला घालायचा. शेवटी एका इमारतीतल्या लोकांनीच तक्रार केली, हा माणूस दिवसभर आमची लिफ्ट बंद ठेवतो म्हणून. साहेब भले, म्हणाले, बरे होऊन या. आता बरं व्हायला जायचं कुठे, ते काही साहेबांनी सांगितलं नाही.

अरे, दातांचा डॉक्टर हवा असला तर एका गल्लीत चार मिळतात. मनाचा शोधायला निघाले, तर जो तो मलाच शहाणपण शिकवायला लागला. नेहमीच्या डॉक्टरांनी ताकदीच्या गोळ्या दिल्या. तुझी मावशी म्हणाली, बागकामाला लाव. बागकामाला! नळ बंद आहे का बघायला जो माणूस जेवणावरून दहादा उठतो, त्याच्या हातात झारी देऊ? शेजारणीनं कुजबुजत एक नंबर दिला, तो गाद्या विकणाऱ्याचा निघाला. एका दवाखान्यातल्या मुलीनं फोनवर विचारलं, पेशंट हिंसक आहे का? म्हटलं, पेशंट नाही, पण मी होत चाललेय.

शेवटी एक समुपदेशक बाई भेटल्या. सगळं ऐकून घेतलं आणि सरळ म्हणाल्या, मी बोलून मदत करते, पण औषध देऊ शकत नाही. यांना आधी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. पत्ताही दिला. कुठला, तर ज्या दुकानातून मी वर्षानुवर्षं चपला घेते, त्याच्याच वरचा! पाटीवर नुसतं ‘डॉक्टर’. मी गेल्या गेल्या भांडलेच, की मनाचे डॉक्टर असं लिहायला काय झालं होतं? डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या, लिहिलं होतं. तेव्हा लोक जिनाच चढत नव्हते. कपाळ!

तुझे बाबा तरी कुठे चढत होते? ‘मी काय वेडा आहे?’ म्हणत खालीच उभे. म्हटलं, राहा इथेच, माझं डोकं फिरलंय ते तरी दाखवून येते. मग आले मुकाट्यानं मागोमाग. डॉक्टरांनी आधी रक्तदाब घेतला, रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या, झोप विचारली, भूक विचारली. म्हटलं, हे तर साध्या डॉक्टरसारखंच. त्या हसल्या; आधी तेच शिकलेय, म्हणाल्या. मग बाबांना विचारलं, परत बघायला गेला नाहीत तर काय होईल असं वाटतं? ‘माणसं पडतील,’ बाबा म्हणाले, आणि रडायलाच लागले रे. इतकी वर्षं संसार केला, पण हे वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाल्या, हा आजार आहे, मंत्रचळ म्हणतात त्याला. औषधाचा गुण दिसायला काही आठवडे लागतात, ते मध्येच सोडायचं नाही. शिवाय उठून बघावंसं वाटलं तरी बसून राहायचं, असा सरावही करायचा. मलाही बोलणी बसली. मी दर वेळी ‘बंद आहे हो, बंद आहे’ म्हणते ना, त्यानं म्हणे आजार पोसला जातो. घ्या! अजून रोज कटकटी होतात. पण परवा नळ एकदाच बघून आले आणि बक्षीस मिळाल्यासारखे मला सांगत बसले.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कुणाला असं होतं का? मी ‘नाही’ म्हणणार, तोच बाबा म्हणाले, ‘माझ्या मुलाला.’ मागे आला होतास तेव्हा कुलूप ओढून बघायला तू पुन्हा पुन्हा जिना चढून यायचास. मला ते दिसलं नाही, त्यांना दिसलं. आपल्यामुळेच पोराला झालं या धास्तीनं इतके दिवस त्यांनी तोंड मिटून घेतलं होतं. डॉक्टर म्हणाल्या, हे घराण्यात असू शकतं, पण त्यात दोष कुणाचाच नाही. तेव्हा राजा, तिथे चांगला मानसोपचारतज्ज्ञ शोध. मावशीला मात्र विचारू नकोस. आणि रविवारी फोन करशील तेव्हा बाबा नेहमीसारखं ‘आईकडे देतो’ म्हणणार नाहीत. त्यांना तुझ्याशीच बोलायचंय.

तुझीच,
कावलेली आई